पॅच बसला, कर्नल मात्र जुनाच

गेल्या अंकात या सदरात ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, मेमरीच्या त्रुटींचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर खानदेशातून बरीच पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक 'आता आम्ही नेमके काय करायचे' या एकाच प्रश्नाभोवती फिरणारी होती. त्यांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातली अडचण अनेक संस्थांची असावी.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. कर्नलमध्ये 'यूज आफ्टर फ्री' प्रकारची त्रुटी असल्याची सूचना मिळाल्यावर सॉफ्टवेअर पुरवठादाराने त्यांच्या कार्यालयात बसूनच अपडेट केले आणि काम पूर्ण झाल्याचे पत्रही दिले. सर्व्हर मात्र गेल्या ३०० हून अधिक दिवसांत एकदाही बंद झालेला नाही आणि तो रीस्टार्ट करू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय ही त्रुटी 'लोकल' असल्यामुळे बाहेरच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही, असेही ते सांगतात. संचालक मंडळापुढे काय ठेवावे?
— संगणक विभाग सांभाळणारे एक कर्मचारी, अमळनेर तालुका

उत्तर : तुमचा सर्व्हर आज, हे उत्तर तुम्ही वाचत असताना, बहुधा जुन्याच कर्नलवर चालू आहे. अपडेट केल्यावर नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, पण चालू असलेला कर्नल हा मशीन सुरू होताना मेमरीत गेलेला असतो आणि मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत तोच राहतो. साधा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की त्याची नवी आवृत्ती हाती येते. कर्नलच्या बाबतीत ते 'बंद करून पुन्हा उघडणे' म्हणजेच रीस्टार्ट. खात्री करायला दोन मिनिटे पुरतात. टर्मिनलवर 'युनेम' ही आज्ञा 'आर' या पर्यायासह द्या, म्हणजे चालू कर्नलचा क्रमांक दिसेल. मग बसवलेल्या कर्नल पॅकेजांची यादी काढा आणि त्यातला सर्वांत नवा क्रमांक पहिल्याशेजारी कागदावर लिहा. दोन्ही क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळले नाहीत, तर पुरवठादाराचे पत्र खरे असूनही तुमचे काम झालेले नाही. उबुंटू वापरत असाल तर 'रीबूट रिक्वायर्ड' अशा नावाची एक छोटी फाइल सिस्टीम स्वतःच तयार करून ठेवते. ती आहे का, तेही पाहा.

हे मी अधिकारवाणीने सांगत असलो तरी चूक माझ्याही हातून झालेली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' ही त्रुटी जाहीर झाली. २००७ पासून लिनक्स कर्नलच्या मेमरी व्यवस्थापनात ती दडून बसलेली होती आणि साध्या वापरकर्त्याला तिच्या आधारे प्रशासकाचे सर्व अधिकार मिळत होते. धुळ्यातल्या एका महाविद्यालयाच्या सर्व्हरवर मी त्याच आठवड्यात पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, बसवला आणि प्राचार्यांना तसे कळवलेही. पुढच्या मे महिन्यात एका दुपारी वीज गेली ती चार तास आली नाही, यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि मशीन बंद पडले. संध्याकाळी ते सुरू करताना पडद्यावर कर्नलचा नवा क्रमांक दिसला, तेव्हा उलगडा झाला की मधले सात महिने जुनाच कर्नल चालू होता. ऑक्टोबरात मी करायचे काम मेमध्ये गेलेल्या विजेने केले होते.

आता 'लोकल' या शब्दाकडे येऊ. त्यासाठी त्रुटीचे स्वरूप थोडे समजून घ्यावे लागेल. पांझरेकाठच्या फड पद्धतीत कोणत्या फडाला पाणी केव्हा द्यायचे ते पाटकरी पाहतो. शेतकरी आपल्या हाताने पाट फोडत नाही. कर्नल हा संगणकातला पाटकरी आहे. मेमरीचा कोणता तुकडा कोणत्या कामाला दिला, तो परत केव्हा घेतला आणि पुढे कोणाला दिला, हे सारे तो आपल्या वहीत टिपून ठेवतो. 'यूज आफ्टर फ्री' म्हणजे तुकडा परत घेतल्यावर तो दुसऱ्याच्या नावे लागला, पण पाटकऱ्याच्याच दुसऱ्या एका वहीत जुनी नोंद खोडायची राहून गेली. हल्लेखोर नेमका त्या जागी आपल्याला हवा तो मजकूर येऊन बसेल अशी वेळ साधतो, आणि कर्नल जुन्या नोंदीवर विश्वास ठेवून त्या मजकुराला स्वतःचाच समजून वागू लागतो. चूक पाटकऱ्याच्या वहीतली असल्यामुळे शेतकऱ्यांवर नेमलेली राखण तिथे कामाला येत नाही. अँटिव्हायरस, फाइलींवरचे अधिकार, वापरकर्त्यांचे पासवर्ड हे सगळे कर्नलच्या जिवावर उभे असते.

'लोकल' याचा अर्थ एवढाच, की त्रुटी वापरण्यासाठी आधी त्या मशीनवर काहीतरी चालवता आले पाहिजे. ते चालवायला माणूस अमळनेरात येऊन तुमच्या खुर्चीत बसावा लागत नाही. सभासदांसाठी ठेवलेल्या वेबपेजमधली एखादी फट, शाखेतल्या कोणाचा 'वन टू थ्री फोर' छापाचा पासवर्ड किंवा पुरवठादाराने दूरवरून काम करण्यासाठी उघडा ठेवलेला मार्ग यांतून आत आलेल्याच्या हाती सुरुवातीला फार थोडे अधिकार असतात. कर्नलची लोकल त्रुटी त्या थोड्या अधिकारांचे पूर्ण अधिकार करून देते. पहिल्या पायरीवर अडवलेला चोर आणि तिजोरीपर्यंत पोचलेला चोर यांच्यामध्ये त्या मशीनवर अनेकदा हा एकच अडसर असतो.

वेळेचा अंदाज यावा म्हणून एक खरे उदाहरण देतो. लिनक्सच्या नेटवर्क गाळणीच्या 'एनएफ टेबल्स' या भागातली, सीव्हीई-२०२४-१०८६ क्रमांकाची (सीव्हीई ही जाहीर त्रुटींना क्रमांक देणारी जागतिक यादी) यूज आफ्टर फ्री त्रुटी जानेवारी २०२४ मध्ये दुरुस्त झाली. मार्चच्या अखेरीस तिचा वापर करणारा प्रोग्रॅम त्याच्या सविस्तर स्पष्टीकरणासह कोणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध झाला. ३० मे रोजी अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सीसाने, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत तिचा समावेश केला. ज्यांनी जानेवारीत पॅच बसवून रीस्टार्ट केले नाही, ते मेमध्ये पॅच बसवलेले आणि तरीही उघडे होते.

रीस्टार्टला काही दिवस लागणारच असतील, तर तात्पुरती एक सोय आहे. वर सांगितलेल्या त्रुटीसह अलीकडच्या बऱ्याच लोकल त्रुटींना 'युजर नेमस्पेस' नावाची, वापरकर्त्याला स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात प्रशासकासारखे वागू देणारी सुविधा साध्या वापरकर्त्याला मोकळी असावी लागते. ती सर्व्हरवर बंद करता येते आणि त्यासाठी रीस्टार्ट लागत नाही. मात्र काही ब्राउझरांचे आतले संरक्षण आणि प्रशासकाच्या अधिकारांशिवाय चालणारे कंटेनर (प्रोग्रॅम वेगळे ठेवून चालवण्याचे कप्पे) हे त्याच सुविधेवर अवलंबून असतात, त्यामुळे बंद करण्याआधी पुरवठादाराला विचारा. ही ठिगळपट्टी आहे. तुमच्या सूचनेतल्या त्रुटीला ती लागू पडते की नाही, ते त्या सूचनेतच 'मिटिगेशन' या मथळ्याखाली बहुधा लिहिलेले असते. रीस्टार्टशिवाय चालू कर्नलमध्येच दुरुस्ती घालणारी 'लाइव्ह पॅचिंग'ची सेवाही काही कंपन्या वर्गणी घेऊन देतात. ३०० दिवस मशीन बंद करता येत नसेल तर तो खर्च मंडळापुढे मांडायला हरकत नाही, पण तीही प्रत्येक त्रुटीला लागू पडते असे नाही.

आता रीस्टार्टची भीती. माझा अनुभव असा, की पुरवठादार कर्नलला घाबरत नसतो. कधीतरी कोणीतरी हाताने सुरू करून दिलेली, मशीनसोबत आपोआप सुरू न होणारी एखादी सेवा त्यात असते. ती कोणती, हे आता कोणाला आठवत नाही, आणि भीती तिची असते. म्हणून आधी चालू असलेल्या सेवांची यादी छापून घ्या. रविवारची सकाळ निवडा. आदल्या दिवशी डे-एंड झालेला असावा आणि पिग्मी एजंटांच्या मशीनमधला भरणा उतरवून घेतलेला असावा. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, त्यातली एक फाइल दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहा. 'बूट' या विभागात जागा शिल्लक आहे का ते तपासा, कारण जुन्या कर्नलांनी तो भरलेला असेल तर नवा कर्नल अर्धवट बसतो आणि मग मशीन उठत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या वेळी कोणीतरी सर्व्हरसमोर कीबोर्ड आणि मॉनिटर जोडून बसलेले असावे. मशीन अडकले तर दूरवरून जोडणाऱ्याला काहीच दिसत नाही. नवा कर्नल उठला नाही, तर सुरुवातीच्या मेनूमधून जुना निवडता येतो, आणि हे मंडळाला आधीच सांगून ठेवले तर निम्मा विरोध तिथेच मावळतो. मशीन उठल्यावर पुन्हा 'युनेम' आणि तोच कागद.

एक गोष्ट मात्र उलट्या क्रमाने करायची आहे. आत कोणी शिरल्याचा संशय असेल, म्हणजे अनोळखी प्रशासक खाते दिसत असेल किंवा नोंदींची फाइल मधल्याच तारखांना कोरी असेल, तर रीस्टार्ट करू नका. नेटवर्कची केबल काढा आणि मशीन चालू ठेवा, कारण मेमरीतला पुरावा बंद होताच पुसला जातो. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवणे संस्थांवर बंधनकारक आहे. पॅच दार लावतो. आत येऊन बसलेल्याला तो बाहेर काढत नाही, त्यामुळे अशा मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवणे हाच मार्ग उरतो.

प्रश्न : सूचनेत दुरुस्त कर्नलचा जो क्रमांक दिला आहे, त्यापेक्षा आमच्या प्रयोगशाळेतील संगणकांवरचा क्रमांक बराच मागचा आहे, पण अपडेट करायला गेल्यास 'सर्व काही अद्ययावत आहे' असे उत्तर येते. नवा कर्नल उतरवून आम्हीच बांधून घ्यावा काय?
— प्रयोगशाळा साहाय्यक, शहादा

उत्तर : नको. डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांसारखी वितरणे, म्हणजे लिनक्सचे तयार संच, एकच मूळ आवृत्ती वर्षानुवर्षे धरून ठेवतात आणि पुढच्या आवृत्त्यांमधल्या सुरक्षा दुरुस्त्या तेवढ्या मागे आणून तिच्यात घालतात. त्यामुळे पुढचे आकडे तेच राहतात आणि शेपटीचा आकडा वाढत जातो. तुम्ही पाहायचा तो शेपटीचा आकडा, आणि तो ताडून पाहायचा तुमच्या वितरणाच्या सुरक्षा सूचनेशी. मूळ लिनक्सच्या सूचनेतला क्रमांक इथे कामाचा नाही.

मोठा आकडा म्हणजे सुरक्षित आणि लहान आकडा म्हणजे धोका हे गणितही नेहमी बरोबर येत नाही. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेली 'डर्टी पाइप' ही त्रुटी ५.८ या आवृत्तीपासून पुढच्या कर्नलांमध्ये वापरता येत होती, ५.४ वर थांबलेली मशीन तिच्यातून आपोआप सुटली. मेमरीतल्या एका खुणेची जागा वापरण्यापूर्वी कोरी करायची राहून गेल्यामुळे आधीचीच खूण तिथे शिल्लक राही, आणि त्यामुळे केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलच्या मेमरीतील प्रतीवर लिहिता येत असे. मॅक्स केलरमन या जर्मन प्रोग्रॅमरला तिचा माग लागला तो ग्राहकांच्या नोंदींच्या कॉम्प्रेस करून ठेवलेल्या फाइली अधूनमधून बिघडत होत्या म्हणून. महिन्यात एखादी फाइल बिघडली तर बहुतेक जण ती पुन्हा तयार करून मोकळे होतात, यांनी तसे केले नाही. ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती आली, आणि वितरणांनी ती आपापल्या क्रमांकाखाली दिली.

स्वतः बांधलेल्या कर्नलची पुढची प्रत्येक दुरुस्ती तुम्हालाच करावी लागेल. परीक्षांच्या दिवसांत ते कोण करणार?

प्रश्न : केळीच्या वखारीवरील वजनकाट्याचे सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालते. त्या संगणकाला इंटरनेट नाही. केवळ हिशेबाच्या संगणकाशी केबलने जोडलेला आहे. तो धोकादायक आहे काय?
— एक व्यापारी, सावदा

उत्तर : धोका त्या केबलमध्ये आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली एक त्रुटी दुरुस्त केली. कर्नलमध्ये चालणाऱ्या त्या भागात एका यादीची लांबी नव्याने लिहिताना ३२ बिटांच्या संख्येतले खालचे १६ बिटच बदलले जात, त्यामुळे जागा कमी आणि मजकूर जास्त अशी स्थिती होऊन तो शेजारच्या मेमरीत सांडत असे. ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, त्याच त्रुटीवर स्वार होऊन 'वॉनाक्राय' हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर जगभर पसरले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले, आणि बळी पडलेल्यांत विंडोज ७ चे संगणक सर्वाधिक होते. ते पसरायला कोणी काही क्लिक करण्याची गरज नव्हती. एक संगणक बाधित झाला की केबलने जोडलेले बाकीचे पाठोपाठ जात. तुमच्या हिशेबाच्या संगणकाला इंटरनेट असणारच, म्हणजे काट्याच्या संगणकालाही ते एका हातभर अंतरावर आहे.

विंडोज ७ ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे दुरुस्त्या पुरवणे, १४ जानेवारी २०२० रोजी संपला. मार्च २०१७ चा पॅच त्यात आहे का, हे 'इन्स्टॉल केलेली अपडेट्स' या यादीत पाहा. नंतर सापडलेल्या त्रुटींसाठी मात्र त्याला पॅच येणार नाहीत, हे धरूनच चालावे लागेल. म्हणून केबल काढा, एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) आणि रिमोट डेस्कटॉप बंद करा, आणि वजनाच्या पावत्या छापून हिशेबाच्या संगणकावर हाताने चढवा. दिवसाला किती गाड्या होतात? हंगाम सोडला तर हे काम एका माणसाला जड जाऊ नये. पेनड्राइव्ह वापरायचाच असेल, तर तो फक्त याच कामापुरता वेगळा ठेवा. हिशेबाचा संगणक विंडोज १० वर असेल तर त्याचाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला आहे, आणि दोहोंत आधी बदलायचा तो हाच, कारण बाहेरच्या जगाला तोंड त्याचे आहे. काटा विकणाऱ्याकडे नव्या विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर लेखी मागत राहा.

प्रश्न : पॅच खरोखर लागू झाला आहे का हे पाहण्यासाठी प्रसिद्ध झालेला हल्ल्याचा प्रोग्रॅम महाविद्यालयाच्या सर्व्हरवर चालवून पाहावा, असे मित्र म्हणतो. आणि कर्नल रस्ट भाषेत लिहिला असता तर हे टळले नसते का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : चालवू नका. असे प्रोग्रॅम कर्नलच्या मेमरीत मुद्दाम गोंधळ घालतात आणि तो गोंधळ दर वेळी लेखकाने ठरवलेल्या जागीच थांबतो असे नाही. कर्नल कोलमडून मशीन बंद पडणे हा त्यांचा नेहमीचा परिणाम आहे, आणि त्यात डिस्कवरचा मजकूर बिघडू शकतो. प्रोग्रॅम फसला म्हणजे पॅच लागू आहे, हेही त्यावरून सिद्ध होत नाही; कर्नलची मेमरीतली मांडणी प्रत्येक सुरुवातीला बदलते, तेवढ्यानेही तो फसतो. शिवाय परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, मग हेतू कितीही चांगला असो, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तो गुन्हा होतो. शिकायचेच असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर, नेटवर्क तोडलेल्या आभासी मशीनमध्ये जुना कर्नल बसवून शिका. त्याला कोणाची हरकत नाही, आणि माझा तर आग्रह आहे.

रस्टबद्दल तुमचा रोख बराचसा बरोबर आहे. मेमरीच्या अशा बहुतेक चुका ही भाषा प्रोग्रॅम तयार होतानाच अडवते. मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांत दरवर्षी सीव्हीई क्रमांक मिळणाऱ्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या असतात, असे त्या कंपनीच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितले होते. अँड्रॉइडमध्ये नवा भाग रस्टसारख्या भाषांत लिहायला घेतल्यावर हे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. लिनक्समध्येही डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला आहे. पण कर्नलच्या तीन कोटींहून अधिक ओळींपैकी फार मोठा भाग सी भाषेत आहे आणि तो पुन्हा लिहून होईपर्यंत तुमचे नातू अभियांत्रिकीला असतील.

तुमच्या प्रयोगात एखादी नवीच त्रुटी हाती लागली, तर मात्र ती मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. कर्नलच्या सुरक्षा गटाला ई-मेलने कळवा. ते दुरुस्ती तयार झाल्यावर जास्तीत जास्त ७ दिवस, आणि अपवाद म्हणून १४ दिवस, गुप्तता पाळतात. पत्रात कर्नलचा पूर्ण क्रमांक, त्रुटी पुन्हा घडवून आणणारा शक्य तितका छोटा प्रोग्रॅम आणि कोलमडताना पडद्यावर आलेला सगळा मजकूर साध्या अक्षरांत द्या. मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरपा फोटो पाठवू नका.